पंपाला एकच पाणी

बायनाबाईच्या हातचं पाणी मी कधी प्यायले नव्हते. घरात कुणी मनाई केली नव्हती. उलट बाबा शेतातून येता येता तिच्या दारात थांबून लोटाभर पाणी पीत. मला किळस यायची, इतकंच.

तिच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर गाठी होत्या. काही वाटाण्याएवढ्या, काही लिंबाएवढ्या, सगळ्या मऊ. डाव्या पापणीवरची गाठ इतकी लोंबायची की तो डोळा अर्धाच दिसे. ती विळा चालवायला लागली की मनगटावरच्या गाठी मागेपुढे हलत, आणि माझी नजर नेमकी तिथेच जाई. लहानपणी तिनं दिलेली चिंच मी तिची पाठ वळताच नालीत टाकली होती आणि हात मातीनं घासून धुतला होता.

पुढे बी.एस्सी.ला गेल्यावर मला तिच्या गाठींचं कारण कळलं. गोंडपिपरीच्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी तिला एक कागद लिहून दिला होता, तो तिनं माझ्याकडून वाचून घेतला. मी कागद कोपऱ्याला धरून वाचला. त्यावरच्या आजाराबद्दल मी वर्गात शिकले होते. पेशी आपल्या मनानं विभागत नाही. तिला बाहेरून रासायनिक निरोप लागतो, तसा थांबण्याचाही निरोप लागतो. बायनाबाईच्या शरीरात निरोपाला लगाम घालणारं एक प्रथिन जन्मापासून अपुरं आहे. म्हणून नसांभोवतीच्या पेशी गरज नसताना वाढत राहतात. तिच्या आईलाही हे होतं. शिवल्यानं कुणाला होत नाही. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं असतं. किळस मात्र जराही कमी झाली नाही, आणि याची मला थोडी लाज वाटे.

पदवीनंतर मी सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात सहा महिने रोजंदारीवर रोपं मोजायचं काम केलं. ते संपल्यावर घरी आले. ही गोष्ट त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली.

आमच्या गावात धान जुना आणि पराटी, म्हणजे कपाशी, नवी. चार-पाच वर्षांपासून उंच जमिनीत लोक कपाशी लावू लागले. धानाची रोवणी होऊन तीन आठवडे झाले की बांधीतल्या आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावरच्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. धानाला त्याचं काही होत नाही. फवारणीचा पंप मात्र गावात फिरतो. ज्याचा बिघडला त्यानं शेजाऱ्याचा न्यायचा. देणाऱ्यानं धुवून द्यायचा, नेणाऱ्यानं धुवून आणायचा. नुसता धान पिकवणाऱ्या गावात या पद्धतीनं काही बिघडत नाही. नुसती कपाशी असलेल्या गावात ते औषध सहसा कुणी आणत नाही. आमच्याकडे एकाच धुऱ्याच्या अल्याड धान आणि पल्याड पराटी.

त्या दिवशी बाबा बांधीतली फवारणी आटोपून जेवायला बसले आणि धनराजभाऊ दारात आला. त्याची पराटी आमच्या धुऱ्याला लागून होती.

"खुशालभाऊ, पंप द्या ना. माह्या पंपाची मोटार बसली. तुडतुडे पडले, आजच मारा लागते."

"ने ना बापा," बाबा म्हणाले. "दिव्यानी, धून दे त्याले. तीन पाणी टाकजो."

मी पंप विहिरीवर नेला. झाकण उघडताच वास आला. फिनेल, जळकं प्लास्टिक आणि त्यात काहीतरी गोडसर, सडल्यासारखं. तळाशी तपकिरी पाण्याची थारोळी होती. मी बादलीभर पाणी ओतलं, पंप हलवला, नळीतून थोडं सोडलं आणि पालथा केला. निघालेल्या पाण्याचे शिंतोडे पायावर उडाले. ओकारी घशाशी आली. पुन्हा झाकण उघडायची इच्छाच होईना. मी साबण घेतला, पण तो पंपाला नाही, माझ्या पायाला लावला.

"झाला का व?" धनराजभाऊनं विचारलं.

"झाला," मी म्हणाले.

सतरा दिवसांनी त्याची बायको रंभाबाई मला बोलवायला आली. "तू शिकली हायेस. चाल, पाह्य आमची पराटी. मले तं भेव वाटून राह्यलं."

मी गेले. नाल्याच्या बाजूनं शेतात शिरलो आणि मी थबकले. कपाशीचं पान पसरलेल्या पंजासारखं असतं. इथली नवी पानं अरुंद झाली होती, एकमेकांना चिकटलेल्या लांब बोटांसारखी, शिरा उभ्या ताणलेल्या. शेंडे खाली वाकून पिळले गेले होते. सगळ्यात वाईट खोडं होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर ती सुजली होती, साल उभी फाटली होती आणि फाटीतून पांढरट-पिवळा, भुसभुशीत गर गाठीगाठीनं बाहेर आला होता. मी एक गाठ नखानं दाबली. ती चिरडली आणि बोटाला ओलसर, कुजकट काहीतरी लागलं. मी बोट ओढणीला पुसलं, पुसूनही पुसत राहिले.

"दिसलं?" रंभाबाईनं तोंडावर पदर घेतला. "कोनाच्या अंगावर असते असं?"

मला दिसलं होतं. कुणालाही दिसलं असतं.

"आठ दिस निंदण केलं तिनं इथी. उघड्या हातानं. बायनाबाईची गाठ पराटीले लागली. मले तं जेवण जाऊन नाई राह्यलं, सांगतो तुले."

"बाई, ते लागत नाही. माणसाला लागत नाही, तं झाडाला काय लागंन?"

"मंग हे काय हाय? तू सांग."

मी दुसऱ्या खोडाशी वाकले. रविवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर बैठक होती. बायनाबाईला कुणी कामाला सांगू नये, ना निंदणाला, ना वेचणीला, असं ठरणार होतं. रंभाबाईनं हे मला धीर द्यावा तसं सांगितलं. बायनाबाईला ना नवरा, ना लेकरू, ना शेत. दुसऱ्याच्या शेतातलं काम हेच तिचं होतं.

रंभाबाई गेल्यावर मी थांबले. सिंदेवाहीची सवय; गोंधळले की मी मोजते. शेतात साठ ओळी होत्या. नाल्याकडच्या पहिल्या आठ ओळींत जवळजवळ प्रत्येक खोड फाटलेलं. नवव्या ओळीपासून खोडं सुजलेली, पण फाटलेली नव्हती. सतराव्यापासून नुसती पानं बिघडलेली. पंचविसाव्यापासून शेंडा जरासा वाकडा, तोही शोधावा लागे. तेहतीसपासून सडकेकडच्या साठाव्या ओळीपर्यंत पराटी हिरवीगार. मी पुन्हा मोजलं. आठ, आठ, आठ, आठ.

धनराजभाऊ चार ओळी पलीकडे उभा होता. "भाऊ, एका पंपात किती ओळी होतात?"

"आठ. काऊन?"

"सुरुवात कुठून केली होती?"

"नाल्याकून. पाणी जवळ पडते."

आमच्या पंपात धुवूनही जे टू-फोर-डी उरलं होतं ते पहिल्या भरणीबरोबर सगळ्यात जास्त गेलं, दुसऱ्या भरणीबरोबर त्याहून कमी, तिसऱ्या-चौथ्यात नावापुरतं. कपाशीला या औषधाचा नावापुरता अंशही पुरतो.

मी घरी आले आणि मोरीत बसून हात धुतले. बोटाला तो वास नव्हता, तरी येत होता.

टू-फोर-डी हे विष आहे असं लोक समजतात, पण ते जाळत नाही. ते झाडाच्या एका संप्रेरकाची नक्कल आहे. खरं संप्रेरक शेंड्यात तयार होतं, खाली उतरतं, पेशींना वाढा, विभागा असं सांगतं, आणि काम झालं की झाड ते मोडून टाकतं. नकली निरोप झाडाला मोडता येत नाही. मी बल्लारपूरला शिकत असताना खोलीवर खाणीचा भोंगा ऐकू यायचा. भोंगा वाजला की एक पाळी आत जाई आणि एक बाहेर येई. समजा, भोंगा थांबलाच नाही, आणि आत जाणाऱ्यांना तेवढा तो ऐकू येत राहिला. पाळीमागून पाळी आत शिरत राहील, बाहेर कुणी येणार नाही, शेवटी खाण माणसांनीच चोंदेल. खोडातल्या पेशी तशा विभागत सुटतात. रस वाहणाऱ्या नळ्या चेंगरतात, साल फाटते. धानाच्या जातीचं झाड हा निरोप मोडून पचवतं. कपाशीला ते जमत नाही.

म्हणजे रंभाबाई अगदीच चुकली नव्हती. दोन्हीकडे तोच प्रकार होता, थांबायचं न कळलेल्या पेशी. पण बायनाबाईच्या गाठी तिच्या आईकडून आल्या होत्या आणि पराटीच्या माझ्याकडून.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते चिलटं हाकलत बसले.

"तीन पाणी टाकलं ना तू?"

"नाही. एकच."

"काऊन?"

"घाण वास येत होता."

"वास!" बाबा हसले नाहीत. "पन्नास वर्षं मले वास येऊन राह्यला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चूप राह्य. औषधच नकली होतं म्हून सांग. दुकानदार गावचा नाई. आपलं नाव निघालं तं उद्या या गावात कोनी आपल्याले पंप देईन का, का आपला घेईन?"

"आणि बायनाबाई?"

"तिचं काय? तिले आपन सांगू ना कामाले."

"एका घरच्या कामावर ती वर्षभर जगंल?"

बाबा उठून गोठ्याकडे गेले.

मला खात्री हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच केलं जे त्या दिवशी झालं होतं. पंपात बाबांच्या मापानं औषध घेतलं, पाणी घेतलं, सगळं पराटीपासून दूरच्या धुऱ्यावर मारून संपवलं. मग एक बादली पाणी, हलवलं, नळीतून थोडं सोडलं, पालथा केला. मग पंप स्वच्छ पाण्यानं भरला. घरामागच्या सांदवाडीत आईनं डब्यांत लावलेली टमाटरची रोपं होती. टमाटरही कपाशीसारखंच नाजूक. दोन डबे उचलले. एकावर पंपातलं पाणी फवारलं, दुसऱ्यावर विहिरीचं. दुपारपर्यंत पहिल्या रोपाची पानं खाली वळायला लागली होती.

मग मी बायनाबाईकडे गेले. ती दारात बसून विळ्याला धार लावत होती. तिला बैठकीचं माहीत होतं.

"ये बाई. पानी आनतो."

"नको. आत्ताच पिऊन आले."

"तू लहानपनापासून आत्ताच पिऊन येते," ती म्हणाली आणि विळा दगडावर घासत राहिली. "माह्या हातची चिंच नालीत टाकत होती. मले का दिसत नोहतं? एक डोरा अर्धा हाय, दुसरा पुरा हाय."

मी खाली बघून विचारलं, "धनराजभाऊच्या शेतात निंदण कुठून सुरू केलं होतं?"

"सडकेकून. नाल्याकून चिखल होता. साऱ्या ओळी केल्या."

"साठही?"

"साठ का पासष्ट, मी का मोजत बसू? साऱ्या केल्या." मग तिनं विळा बाजूला ठेवला. "खरं सांग. तुह्या पुस्तकात काय लिवलं हाय? माह्यानंच झालं का ते?"

तिनं हे अगदी सरळ विचारलं. तिला स्वतःलाही खात्री नव्हती. तिनं आपला हात उलटा करून मनगटावरच्या गाठीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला माझाच चेहरा दिसला, चिंच टाकतानाचा.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यानं झालं."

"म्हंजे?"

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "मंग हे तिथी सांगशीन? का तिथीबी आत्ताच पिऊन आले म्हनशीन?"

रविवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोरच्या चिंचेखाली पन्नासेक माणसं होती. मधे खुर्चीवर मुखरूभाऊ, गावातले वयानं मोठे, ज्यांचा शब्द सारं गाव माने. बायनाबाई एका बाजूला जमिनीवर बसली होती. तिच्या चहूबाजूंनी चार-चार हात जागा मोकळी होती. माणसं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत होती, थुंकत होती; लाल पिचकाऱ्या तिच्यापासून हातभर अंतरावर पडत होत्या आणि त्याची कुणाला किळस येत नव्हती. मला आली. कोपऱ्यात बाबा उभे होते.

धनराजभाऊनं उपटून आणलेलं एक झाड सगळ्यांसमोर टाकलं. खोडावरची गाठ एव्हाना काळी पडून पाणी सोडत होती. बाया मागे सरकल्या.

"पाहा तुमीच," तो म्हणाला. "मी कोनाचं नाव नाई घेत."

"नाव नाई घेत तं बैठक काऊन बोलावली रे?" मुखरूभाऊ म्हणाले. थोडे लोक हसले. "बायनाबाई, तुले काई सांगाचं हाय?"

"मले नाई. तिले हाय," बायनाबाईनं माझ्याकडे हनुवटी केली.

मी दोन्ही डबे पुढे नेले. एक रोप ताठ. दुसऱ्याचं खोड सापासारखं पिळलेलं, पानं आत गुंडाळलेली, देठ खाली झुकलेले.

"भाऊ, ही दोन्ही रोपं परवापर्यंत सारखी होती. बायनाबाईनं एकालाही हात लावलेला नाही. यावर मी साधं पाणी मारलं, आणि यावर टू-फोर-डीच्या पंपातलं पाणी. पंप एकदा धुतल्यानंतरचं."

"एकदा धून असं होते?" कुणीतरी मागून म्हणालं.

"होतं. कपाशीलाही होतं. धनराजभाऊच्या शेतात पहिल्या आठ ओळी फाटल्या, पुढच्या आठ सुजल्या, पुढच्या आठांची नुसती पानं गेली. पंपात आठ ओळी होतात ना, भाऊ? आणि बायनाबाईनं निंदण सडकेकडून केलं. सडकेकडची पराटी हिरवीगार आहे. तिच्या हातानं झालं असतं तर सुरुवात तिकडून झाली असती."

धनराजभाऊ बोटं मोजत उभा राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. "पंप तं तुमचा होता."

"हो."

"तुह्या बापानं धुतला नाई?"

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याआधी बोलले. "बाबांनी तीन पाणी सांगितलं होतं. पंप मी धुतला. एकच पाणी टाकलं. वास सहन होत नव्हता."



"पावडर लावून आली होती का व विहिरीवर?" रंभाबाई किंचाळली. "वास येते म्हने! आमची पराटी गेली आन् हिले वास येते!" मग एक बाई म्हणाली, शिकून काय दिवे लावले. दुसरी म्हणाली, काम माहीत नाही तं हात काऊन लावते. मी ऐकून घेतलं. खोटं त्यात काही नव्हतं. नवव्या ओळीपासूनची झाडं बहुतेक सावरतील, पहिल्या आठ सावरणार नाहीत, हे मी सांगितलं. ते कुणी ऐकलं की नाही, कळलं नाही.

मुखरूभाऊंनी हात वर केला. "झालं. पंपाचा दोष हाय, बाईचा नाई. बायनाबाईले कामाले सांगाचं. पुढं पंप नीट धुवाचा." मग जरा विचार करून म्हणाले, "असं करा ना. पोरीबारींले वास सहन होत नाई. गावातले सारे पंप बायनाबाईनंच धुवावे. तिले का फरक पडते?"

"बरोबर हाय," दोन-तीन जण लगेच म्हणाले. "तिले कायचा वास!"

मला किळस आली. पराटीची गाठ चिरडताना आली नव्हती इतकी. पाच मिनिटांपूर्वी तिच्यावरचा आळ गेला होता, आणि तिच्याकडे पाहायची त्यांची नजर तसूभरही हलली नव्हती. घाण आहे, तर ती हिच्याकडे द्या. त्यांना हा न्याय वाटत होता. माझी लहानपणीची किळसही त्याच नजरेतली होती, हे मला त्या चिंचेखाली उभं राहून कळलं.

बायनाबाई उठली. गुडघ्यावरची माती झटकली.

"मले बी वास येते, मुखरूभाऊ," ती म्हणाली. "नाक धड हाय माह्यं. ज्याचा पंप त्यानं धुवावा. मले निंदण सांगा, वेचणी सांगा."

मुखरूभाऊ खाली पाहू लागले. धनराजभाऊनं घसा खाकरला. "बरं, उद्यापासून ये. सडकेकडच्या ओळींत पुन्हा तण आलं हाय." रंभाबाईनं त्याला कोपर मारलं, तसं तो म्हणाला, "हातपाय धून येजो."

"येतो," बायनाबाई म्हणाली. "तू पंप धून ठेवजो."

लोक हसले. रंभाबाई हसली नाही. ती उठून गेली, आणि वेचणीला ती बायनाबाईला सांगेल की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

बाबा माझ्या पुढे पुढे घरी चालत आले. दारात आल्यावर म्हणाले, "पंप पडला हाय तुह्या त्या टमाटराच्या खेळापासून. धून टाक." मी विहिरीवर गेले. धुण्याचा सोडा घेतला. झाकण उघडलं आणि तोच वास तोंडावर आला. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नव्हती. पहिलं पाणी टाकलं, हलवलं, नळीतून पूर्ण सोडलं. शिंतोडे पायावर उडाले. मी पाय मागे घेतला नाही.

बायनाबाई घरी जाता जाता विहिरीजवळ थांबली होती. कमरेवर हात ठेवून बघत होती.

"एक झालं," ती म्हणाली.

मी सोडा घालून दुसरं पाणी भरलं. नळी काढली, नोझल काढून वेगळं केलं. आतून तपकिरी चिकट गोळा निघाला. मला कोरडी ओकारी आली. मी वाकले, तोंड पुसलं, पुन्हा पंप धरला.

"ओक बाई, ओक. मंग धू," ती म्हणाली. "हे दुसरं."

सोड्याचं पाणी रात्रभर पंपात राहू द्यावं लागतं, मी तिला सांगितलं. तिसरं पाणी सकाळी.

"मंग मी सकाळी येतो पाहाले," ती म्हणाली आणि गेली.

सकाळी ती खरंच आली, खांद्यावर विळा घेऊन, धनराजभाऊच्या शेताकडे जाता जाता. मी तिसरं पाणी टाकलं. तिनं पंपाच्या तोंडाशी नाक नेलं, वास घेतला, चेहरा वाकडा केला.

"अजून येते," ती म्हणाली. "चौथं टाक."